पिवळ्या पट्टीची कॅसेट

सेगाच्या मेगा ड्राइव्ह या व्हिडिओ गेम कन्सोलच्या जुन्या कॅसेटींचा ढीग समोर ओतला की त्यातल्या काही कॅसेटी लेबल न वाचताच ओळखू येतात. बाकीच्यांपेक्षा त्या थोड्या उंच असतात आणि डाव्या कडेला पिवळ्या प्लास्टिकची छोटी पट्टी असते. ती दिसली की समजायचं, ही इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम कंपनीची. ढीग अमेरिकेतून किंवा इंग्लंडमधून आला असेल, तर अशा पट्टीची निदान एक कॅसेट 'डेझर्ट स्ट्राइक'ची निघण्याची शक्यता भरपूर. १९९२ चा हा गेम. एकच एएच-६४ अपाचे हेलिकॉप्टर, खाली वाळवंट, आणि इंधनाचा आकडा सतत उतरणारा.

त्या पट्टीचा इतिहास गेमच्या किमतीशी थेट जोडलेला आहे. त्या काळी कन्सोल बनवणारी कंपनीच कॅसेटी घडवून द्यायची आणि गेम काढणाऱ्यांना तिच्या अटी मान्य कराव्या लागायच्या. ट्रिप हॉकिन्स यांच्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने, म्हणजे ईएने, मेगा ड्राइव्हचं मशीन आतून उलगडून अभ्यासलं, परवान्याशिवाय गेम काढता येतील इतकी तयारी केली आणि मगच १९९० मध्ये सेगाशी बोलणी केली. करार झाला. रॉयल्टी कमी ठरली आणि कॅसेटी स्वतः घडवण्याची मुभा मिळाली. म्हणून ईएचा साचा वेगळा, उंची वेगळी, पट्टी पिवळी. कॅसेट स्वस्त पडत असल्यामुळे ईएला ती मोठ्या संख्येने काढता आली, आणि 'डेझर्ट स्ट्राइक' तर त्या काळातल्या ईएच्या सर्वाधिक खपाच्या गेम्सपैकी एक ठरला.

आज संग्राहक विचारतात, याचं मोल किती? खरं उत्तर अनेकांना आवडत नाही. अमेरिकी बाजारात चालू स्थितीतली सुटी कॅसेट साधारण दहा डॉलरच्या आतबाहेर मिळते. खोकं आणि मॅन्युअलसह पूर्ण संच तिच्या दुपटीच्या आसपास किंवा थोडा वर जातो. तीस वर्षं उलटली, पण लाखो घरांत पोचलेली वस्तू दुर्मिळ होत नाही. वय आणि दुर्मिळता यांची गल्लत हा या छंदातला सगळ्यात महाग गैरसमज आहे.

तुलनेसाठी दुसरं हेलिकॉप्टर पाहू. सिक्यो या जपानी कंपनीचा 'झीरो गनर २' सेगाच्याच ड्रीमकास्ट या नंतरच्या कन्सोलवर २००१ मध्ये आला, तोही फक्त जपानात आणि कन्सोलच्या अखेरच्या दिवसांत. तो हातात घ्यायचा तर 'डेझर्ट स्ट्राइक'च्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात. दोन्ही गेम हेलिकॉप्टरचे आणि दोन्ही चांगले. फरक पडला तो किती प्रती निघाल्या आणि किती उरल्या यामुळे. खुद्द 'डेझर्ट स्ट्राइक'च्या घरातही हाच नियम चालतो. मेगा ड्राइव्ह आणि सुपर निन्टेंडोच्या प्रती सहज मिळतात. एटारी लिंक्स या हातात धरून खेळायच्या मशीनवर टेलिगेम्सने १९९३ मध्ये काढलेली प्रत शोधायला मात्र वेळ आणि पैसा दोन्ही लागतात, कारण ते मशीनच कमी घरांत होतं. ईए व्हिक्टरने काढलेली जपानी मेगा ड्राइव्हची प्रतही अमेरिकी प्रतीइतकी सोपी नाही. ती घेताना एक ध्यानात ठेवावं: जपानी कॅसेटीचा आकार वेगळा असतो आणि ती जेनेसिसच्या, म्हणजे अमेरिकी मेगा ड्राइव्हच्या, खाचेत बसत नाही. ती बसावी म्हणून खाच कानशीने घासणारे लोक आहेत. तसं करू नये. अॅडॅप्टर मिळतात.

तरीही 'डेझर्ट स्ट्राइक' संग्रहात असायलाच हवा, असं आमचं ठाम मत आहे. त्याचं कारण किमतीच्या तक्त्यात सापडणार नाही, त्यासाठी गेम खेळावा लागेल.

माइक पोसेन यांनी हा गेम आखला तेव्हा त्यांच्यासमोर १९८२ चा 'चॉपलिफ्टर' होता. डॅन गॉर्लिन यांचा तो अॅपल टू या संगणकावरचा गेम: हेलिकॉप्टर उतरवायचं, अडकलेली माणसं उचलायची, परत आणायची. पोसेन यांनी ही कल्पना तिरक्या, वरून दिसणाऱ्या मैदानावर नेली आणि त्यात हिशेब घातला. मशीनगनच्या गोळ्या १,१७८, हायड्रा रॉकेटं ३८, हेलफायर क्षेपणास्त्रं ८. चिलखताचे ६०० गुण. इंधन १०० आणि हवेत असेपर्यंत ते उतरतच राहतं. गोळीबाराच्या गेममध्ये इतकी काटकसर तेव्हा सवयीची नव्हती. आठ हेलफायर कुठे खर्च करायची हे नकाशा उघडून ठरवावं लागतं. रडार आधी पाडायचं की वीजकेंद्र, यावर पुढचा सगळा त्रास अवलंबून असतो. कामांचा क्रम मोडला तर शत्रू जास्त सावध आणि जास्त अचूक होतो. इंधनाचे ड्रम आणि दारूगोळ्याच्या पेट्या विंचने, म्हणजे खाली सोडलेल्या दोराने, उचलाव्या लागतात, आणि विंच खाली सोडलेला असताना हेलिकॉप्टर हवेत जवळजवळ स्थिर धरावं लागतं, नेमकं त्याच वेळी कोपऱ्यातून कुणीतरी गोळ्या झाडत असतं. बरोबर कोणता को-पायलट घेतला यावर विंचचा वेग आणि नेमबाजी बदलते. सगळ्यात चांगला को-पायलट सुरुवातीला यादीत 'बेपत्ता' म्हणून दिसतो, आणि तो मैदानात शोधून सोडवावा लागतो. मोहिमा चारच, पण प्रत्येक मोहीम स्वतंत्र कोड्यासारखी बांधलेली आहे.

याला एक अवघड बाजूही आहे आणि ती टाळून या गेमच्या मोलाबद्दल बोलता येत नाही. पूर्ण नाव 'डेझर्ट स्ट्राइक: रिटर्न टू द गल्फ'. आखाती युद्ध फेब्रुवारी १९९१ मध्ये थांबलं आणि जेमतेम वर्षभरात हा गेम दुकानात आला. किलबाबा नावाचा काल्पनिक हुकूमशहा कुणावर बेतलाय हे कुणाला सांगावं लागलं नाही. मृतांचा शोक ताजा असताना असा गेम काढणं योग्य नाही, अशी टीका तेव्हाच झाली, आणि ती रास्त होती. १९९० मध्ये कुवेतमधून आपली जी माणसं परत आली, त्यांत गोव्याची कितीतरी घरं होती. अशा घरात ते उपशीर्षक निव्वळ खेळ म्हणून वाचलं जाणार नाही. म्हणून आम्हाला हा गेम करमणुकीइतकाच त्या वर्षाचा कागद वाटतो. टीव्हीवर रात्रीच्या हिरव्या चित्रांतून पाहिलेलं युद्ध लोकांच्या मनात कसं उतरलं, हे त्याच्या मोहिमांच्या नावांतही दिसतं. दुसरीचं नाव आहे 'स्कड बस्टर', आणि स्कड म्हणजे त्या युद्धात इराकने डागलेली क्षेपणास्त्रं.

आता विकत घेण्याविषयी.

पहिला नियम: मागितलेली किंमत ही किंमत नव्हे. ईबेवर 'सोल्ड', म्हणजे खरोखर विकल्या गेलेल्या वस्तूंची गाळणी लावून मागच्या काही महिन्यांचे व्यवहार पाहावेत आणि सगळ्यात वरचे नि सगळ्यात खालचे दोन-तीन सोडून मधल्यांचा अंदाज घ्यावा. 'रेअर' हा शब्द जाहिरातीत दिसला तर या गेमपुरता तो खोटा समजावा. सुटी कॅसेट, रिकामं खोकं आणि सुटं मॅन्युअल यांच्या किमती वेगवेगळ्या पाहून बेरीज करावी. पुष्कळदा तिन्ही वेगळे घेतले तर पूर्ण संचापेक्षा महाग पडतात, कारण खोकी आणि कागद जास्त संख्येने फेकले गेले. म्हणजे पैसे गेमला पडत नाहीत. ते पडतात प्लास्टिकच्या खोक्याला आणि पातळ मॅन्युअलला. म्हणून तपासणीही तिथूनच सुरू करावी.

खोकं पुस्तकासारखं उघडतं. त्याच्या तीन जागा पाहाव्यात. बिजागरीची घडी पांढरी पडलीय का, म्हणजे ती लवकरच फाटणार. बाहेरचं पारदर्शक आवरण उन्हाने किंवा हीटरने लहरी पडल्यासारखं झालंय का, कारण ते पुन्हा सपाट होत नाही. आणि वर टांगण्यासाठीची प्लास्टिकची जीभ शाबूत आहे का. मग मुखपृष्ठाचा कागद. कणा आणि समोरची बाजू शेजारी धरून रंग ताडून पाहावेत. खोकं कपाटात उभं राहतं, त्यामुळे ऊन आधी कण्यावर पडतं. लाल आणि पिवळी शाई आधी उडते, मागे निळसर भुरकट चित्र उरतं. विक्रेत्याने फोटोत कणा दाखवला नसेल तर तो मागावाच. खोकं फुटकं आणि कागद चांगला असेल तर काळजी नको. ईएच्याच एखाद्या जुन्या फुटबॉल किंवा हॉकीच्या गेमचं खोकं कवडीमोलाने मिळतं, त्यातलं धड खोकं इथे वापरता येतं. कागद बदलून लावलेला नाही आणि खोकं मात्र दुसरं आहे, हे पुढे विकताना स्पष्ट सांगावं.

कॅसेटीवर भाड्याच्या दुकानाचे स्टिकर आणि मार्करने लिहिलेली नावं नेहमी आढळतात. स्टिकर नखाने ओढू नये. हेअर ड्रायरने कोमट करून, कोपऱ्यापासून, अगदी सपाट कोनात हळूहळू सोडवावा. उरलेला चिकटपणा लायटरच्या फ्लुइडने कापसाच्या बोळ्याने टिपावा. ते लवकर उडून जातं आणि कागदी लेबलाला पाण्याइतकं फुगवत नाही, तरी आधी एका कोपऱ्यावर करून पाहावं. मार्करचं नाव लेबलाच्या कागदावर असेल तर ते तसंच राहू द्यावं.

संपर्काच्या पट्ट्या स्वच्छ करायला कॅसेट उघडायची गरज नसते. मेगा ड्राइव्हच्या कॅसेटीत एकूण ६४ पट्ट्या असतात, दोन्ही बाजूंना ३२. इअरबड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून, पिळून, पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने फिरवावा. बोळा काळा येतो तोवर नवा घ्यावा, मग कोरड्याने पुसून दहा मिनिटं थांबावं. मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात हे अल्कोहोल 'आयपीए' या नावाने मिळतं. सत्तर टक्क्यांच्या औषधी स्पिरिटमध्ये पाणी जास्त असतं, ते टाळावं. सँडपेपर तर नकोच. पट्ट्यांवरचा सोन्याचा मुलामा इतका पातळ असतो की दोन-तीन घासांत उडतो, खालचं तांबं उघडं पडतं आणि पुढच्या पावसाळ्यात हिरवं होतं. कॅसेटीत फुंकर मारण्याची सवय आपण सगळ्यांनी लहानपणी लावून घेतली. फुंकर मारल्यावर ती चालायची ती काढून परत घातल्यामुळे. थुंकीचा ओलावा मात्र पट्ट्यांवर राहायचा. उघडावीच लागली, तर स्क्रूचं डोकं आधी नीट पाहावं. खास गोल डोक्याचे स्क्रू असतील तर गेमबिट नावाचा खास स्क्रूड्रायव्हर लागतो, तो ३.८ आणि ४.५ मिलिमीटर अशा दोन मापांत येतो. चुकीच्या मापाने डोकं झिजलं की कवच फोडण्यावाचून उपाय राहत नाही.

नकली प्रतींची भीती या गेमला कमी आहे, कारण स्वस्त गेमची नक्कल करण्यात कुणाला रस नसतो. पण आशियात फिरणाऱ्या जुन्या चोरट्या प्रती वेगळ्या. त्या बहुधा जपानी आकाराच्या साध्या कवचात येतात, पिवळी पट्टी नसते, लेबलावरची अक्षरं विटकी असतात आणि आत चिपऐवजी डांबराच्या थेंबासारखा काळा गोळा असतो. त्या प्रतींना आपला इतिहास आहे, पण अस्सल म्हणून पैसे देऊ नयेत.

चालते का, हे तपासताना बहुतेक जण पहिलं दृश्य दिसलं की समाधान मानतात. इथे थोडं पुढे जावं. या गेममध्ये बॅटरी नाही. प्रगती पासवर्डने राहते, प्रत्येक मोहीम संपली की अक्षरांची एक ओळ मिळते. याचे दोन फायदे. बॅटरीवर साठवणाऱ्या गेम्सची बॅटरी तीस वर्षांत मरते आणि बदलायला सोल्डरिंग लागतं, तो प्रश्न इथे येत नाही. शिवाय पासवर्ड हाताशी असले तर चारही मोहिमा दहा मिनिटांत उघडून पाहता येतात. गेम साठवलेल्या रॉम चिपचा एखादा भाग नीट वाचला जात नसेल, तर दोष पहिल्या मोहिमेत दिसेलच असं नाही. तो तिसऱ्या मोहिमेत तुटक्या चित्रांच्या रूपाने किंवा अचानक थांबलेल्या पडद्याच्या रूपाने दिसतो. प्रत्येक मोहिमेत नकाशा उघडावा, विंचने एक ड्रम उचलावा, एक इमारत पाडावी. दोष दिसला तर आधी पट्ट्या पुन्हा पुसून पाहाव्यात. दहात नऊ वेळा मळच असतो.

मशीन परदेशातून आणलं असेल तर कॅसेटीआधी त्याचा विजेचा अॅडॅप्टर तपासावा. पहिल्या मॉडेलला ९ व्होल्ट लागतात आणि टोकाचा मध्य ऋण असतो. दुसऱ्या मॉडेलला १० व्होल्ट आणि मध्य धन. टोकं वेगळी असली तरी बाजारातले 'सगळ्याला चालणारे' अॅडॅप्टर उलटसुलट बसवता येतात आणि तिथेच मशीन जातं. अमेरिकी अॅडॅप्टर १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टच्या भिंतीत तो थेट लावला तर जळतो. भारतात मेगा ड्राइव्ह अधिकृतपणे आला तो १९९५ मध्ये, शॉ वॉलेस कंपनीमार्फत, अठरा हजार रुपयांच्या आसपास. त्या किमतीला किती मराठी घरांनी तो घेतला असेल हे ओळखता येतं. म्हणून इथल्या जुन्या बाजारात अस्सल पिवळ्या पट्टीची कॅसेट सापडणं दुर्मिळ, आणि बाहेरून मागवली तर टपालखर्च आणि कस्टम मिळून गेमच्या किमतीच्या पुढे सहज जातात. एकेक मागवू नये. चार-पाच गेम एकत्र घ्यावेत. 'जंगल स्ट्राइक' आणि 'अर्बन स्ट्राइक' हे पुढचे दोन भाग याच्याबरोबर घेतले तर पार्सल सार्थकी लागतं.

सीलबंद प्रतींचा उल्लेख करायला हवा, कारण प्रश्न नेहमी तिथे येतो. जुलै २०२१ मध्ये 'सुपर मारिओ ६४' ची एक सीलबंद, 'वाटा' या कंपनीने तपासून दर्जाचा आकडा दिलेली प्रत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली, आणि त्यानंतर घराघरातल्या जुन्या गेम्सकडे लोक वेगळ्या नजरेने पाहू लागले. 'डेझर्ट स्ट्राइक'सारख्या गेमला तसं पारदर्शक डब्यात बंद करून दर्जाचा आकडा चिकटवण्याचा खर्च बहुतेक वेळा गेमच्या किमतीहून जास्त असतो. शिवाय आवरणाची फिल्म आणि ती आवळणारं यंत्र कुणालाही विकत मिळतं, त्यामुळे फोटोवरून सील अस्सल मानणं धोक्याचं. आमचा सल्ला सरळ आहे: हा गेम सीलबंद घेऊ नये.

घेतल्यावर जपण्याचा प्रश्न कोकणात आणि मुंबईत जास्त अवघड. जुलैत हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर राहते आणि मॅन्युअलच्या चकचकीत कागदाची पानं एकमेकांना चिकटतात. मॅन्युअल खोक्यात ठेवण्याऐवजी पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत वेगळं ठेवावं. पीव्हीसीच्या पिशव्या वापरू नयेत, त्यातला तेलकट अंश काही वर्षांनी लेबलाला आणि शाईला चिकटतो. सिलिका जेलच्या पुड्या डब्यात ठेवाव्यात, रंग बदलला की सुकवून परत ठेवाव्यात. कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या टाकायची आपल्याकडे पद्धत आहे, ती इथे घातक ठरते. त्यांची वाफ काही प्लास्टिकं मऊ करते आणि वास कागदात मुरतो. लवंग-कडुलिंबाची पुरचुंडी बरी, पण सगळ्यात बरं म्हणजे दर महिन्याला डबा उघडून कोरड्या दिवशी वारा देणं.

एक गोष्ट मात्र तशीच ठेवावी. जुन्या प्रतींच्या मॅन्युअलमध्ये कोऱ्या जागेत कधी कधी पेन्सिलीने पासवर्ड उतरवलेले असतात. कुणी घाईत लिहिलेले, एखादं अक्षर खोडून दुरुस्त केलेलं. किमतीच्या तक्त्यात याने प्रत एक पायरी खाली उतरते, आणि विक्रेते खोडरबर फिरवून ती वर चढवतात. आम्ही अशी प्रत मुद्दाम निवडतो. मशीन लावावं, त्या माणसाने लिहिलेली अक्षरं एकेक करून टाकावीत आणि तो कुठल्या मोहिमेपर्यंत पोचला होता ते पाहावं. शेवटचा पासवर्ड तिसऱ्या मोहिमेचा असेल तर पुढचं पान कोरं असतं. तिथून पुढे खेळायला हेलिकॉप्टर तयार असतं. आठ हेलफायर, आणि इंधन शंभर.